सवाष्णीच्या पानात उतरलेल्या पोपड्याविषयी

रा. रा. पेंटरभाऊ,

सोबत एक पोपडा जोडला आहे. रंग तुम्हीच निवडलेला, तेव्हा ओळख पटावी. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणात तो छतालगतच्या भिंतीवरून सुटला आणि थेट सवाष्णीच्या पुरणपोळीवर उतरला. पोळीचाच पापुद्रा समजून मावशी तो तुपात बुडवणार, तेवढ्यात सुनेने त्यांचा हात धरला.

गेल्या दिवाळीआधी तुम्ही म्हणाला होतात, "पाच वर्षं भिंतीकडे बघायचं काम नाही." खरंय, बघवत नाही.

आपलं शहर म्हणजे धरण उशाला, कोरड घशाला. जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांनी येतं, आलं की गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि ते पाणी तड्यांतून भिंतीत उतरतं. नळ कोरडे, भिंती ओल्या! गच्चीवर चढून हे बघायला कितीसा वेळ लागला असता? तुम्ही भिंतीला हात लावलात आणि म्हणालात, "छान थंडावा आहे." थंडावा! त्या थंडाव्यावरच लांबी ओढली, प्रायमर मारला, वर प्लास्टिक पेंटचे दोन हात. ओल आत कोंडली. विटा-गिलाव्यातले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडालं की त्यांचे खडे बनतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. हा लोणा तुम्हाला ठाऊक नव्हता, हे मी मानणार नाही. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर डबा उघडायचाच नाही. एवढंच करायचं होतं.

फरशीवरचे, बटणांवरचे शिंतोडे माफ.

तुमच्यामागे परंपराही थोर आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या चित्रांचे पोपडे सुटू लागले, तेव्हा १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी वर लाखेचं व्हार्निश फासलं. ते पिवळं पडून चित्रं झाकोळली आणि पुढे पुरातत्त्व खातं ते उतरवत बसलं. पण त्यांनी निदान सुटलेले पापुद्रे आधी चिकटवले होते. तुम्ही सुटलेल्यावरच ब्रश फिरवलात.

"खरवडलं का नाही?" विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "साहेब, रेट फुटावर असतो." चिडलो होतो, पण खोटं काय त्यात? रंगाचे पैसे मिळतात. खरवडण्याचे आणि भिंत वाळेस्तोवर थांबण्याचे या शहरात कोण देतं?

तरी तुमच्या हाताखालचा तो पोरगा! तोंडाला साधा रुमालही न बांधता दारांचा जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरने घासत होता. घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये; आमची दारं त्याच्या कितीतरी आधीची. ती भुकटी तो दिवसभर ओढत होता आणि तुम्ही जिन्यात उभे राहून पुढचं गिऱ्हाईक पटवत होतात. लाज वाटली पाहिजे.

पाऊस सरला की या. आधी गच्ची, मग खरवडणं, मग वाळवण, रंग सगळ्यात शेवटी. खरवडण्याचे वेगळे लावा, देईन. दारं ओली करून घासा आणि पोराला धड मास्क आणा. पाच वर्षांची हमी मात्र कागदावर लिहून द्या. भिंतीवर नको, टिकणार नाही.

आपला,
एक गिऱ्हाईक, सिडको