अभ्यासदौऱ्याला जाताय?

मे महिन्यात चांदूर बाजारात पारा ४५ ला टेकतो, आंबिया बहाराची फळं गळतात आणि संत्रावाला टँकरमागे धावतो. अशा वेळी पुढाऱ्यांना परदेशी अभ्यासदौरा करायचाच असेल, तर स्पेनचं व्हॅलेन्सिया गाठावं. तिथंही संत्रीच, वर भूमध्य समुद्र आणि गुलाबी हवा. खुशाल डुंबा! फक्त गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी या. काळे अंगरखे घातलेले आठ शेतकरी पाटपाण्याची भांडणं तोंडी ऐकतात, जागच्या जागी निकाल देतात. ना वकील, ना अर्जफाटे. शेकडो वर्षांची ही रीत युनेस्कोनं २००९ साली वारसा म्हणून नोंदवली. 'साहेब दौऱ्यावर आहेत' ही आपली परंपराही काही कालपरवाची नाही. तिचाही प्रस्ताव तेवढा देऊन या.