कोणत्या कंपनीची?

जाम हे मुक्कामाचं गाव नव्हे, फाट्याचं गाव. नागपूरहून हिंगणघाटकडे आणि पुढे हैदराबादला जाणारा हमरस्ता इथून सरळ निघून जातो, वरोरा-चंद्रपूरचा रस्ता इथेच त्याची साथ सोडतो. अशा चौरस्त्यावर शहाण्या माणसाने हॉटेल टाकावं, नाही तर ट्रकच्या टायरचं दुकान. मी जुन्या लोखंडी सायकली जोडतो. यात पैसा नाही हे मला ठाऊक आहे, तरी ते सांगायला रोज कोणी ना कोणी येतंच.

सध्याची सायकल पाहा. सांगाडा हिंगणघाटच्या भंगारातला. हँडलखालच्या नळीवरचा गंज खरवडला तेव्हा ‘हिंद’ हे नाव वर आलं, म्हणजे मुंबईच्या वरळीचा माल. चेनव्हील आणि क्रँक सेन-रॅलेचे, पार बंगालातल्या आसनसोलचे. रिमा लुधियानाच्या हीरोच्या, पायडल सोनीपतच्या अ‍ॅटलासचे. सीट कुठली ते सीटलाही आठवत नसावं.

हे सगळं एकमेकांना बसेल का, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आट्यांत असतं. पत्रिकेत गुण पाहतात तसे इथे आटे पाहायचे. बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदुकांच्या कारखान्याने सायकलीचे सुटे भाग करायला घेतले आणि त्यांचं माप पुढे बहुतेकांनी उचललं. पायडलांच्या मधल्या धुऱ्याला इंचाला २४ आटे, हे त्यातलंच. नॉटिंगहॅमच्या रॅलेवाल्यांनी मात्र आपले २६ ठेवले. थोरल्या घरचा मान! त्या दोन आट्यांच्या फरकापायी जगभर किती हौशी लोकांनी डोकं धरून घेतलं असेल, त्याला गणती नाही.

खोलतानाही स्वभाव ओळखावा लागतो. डावं पायडल उलट्या आट्याचं आणि धुऱ्याचा उजवा कपही उलट्या आट्याचा. जोर लावावा तितका तो आणखी घट्ट बसतो. आधी त्याला रात्रभर डिझेल पाजायचं. ट्रकांच्या गावात त्याची वाण नाही. क्रँक धुऱ्याला जखडणारी कॉटर पिन काढताना नट पिनेच्या टोकाला लागेल इतका सैल करायचा, क्रँकखाली भक्कम लोखंड टेकवायचं आणि एकच घाव द्यायचा. भीत भीत ठोकत बसलं की टोक चेपतं आणि पिन कायमची राहायला येते. ती निघाली की कप सुटतो आणि काळ्या ग्रीसमधून छर्रे घरंगळतात, एका बाजूचे अकरा. मी ते वर्तमानपत्रावर मांडून मोजतो. दहा भरले तर अकरावा बाजेखाली गेलेला असतो, आणि तो शोधताना घरातल्या इतर हरवलेल्या वस्तू सापडतात. घरच्यांचा या धंद्याला पाठिंबा आहे तो एवढ्यापुरताच.

शेजारचा पंक्चरवाला हे सगळं शांतपणे बघत असतो. “काहून जीव जाळता जी भाऊ? नवीन घेऊन टाका ना एखादी.” मग तोच उठतो, रिमेजवळ खडू धरतो, चाक फिरवतो, जिथे रेघ उमटते तिथले पलीकडच्या बाजूचे आरे कसतो आणि बोलता बोलता आऊट काढून देतो. पैसे घेत नाही, फक्त सल्ला देतो.

चाक सरळ झालं की सायकल चौकात न्यायची. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: “कोणत्या कंपनीची?” मी पंचाईतीत पडतो. वरळीच्या सांगाड्यात आसनसोलची क्रँक बसवली याला घरोबा म्हणावं की पळवापळवी? पण या जोडीला थेट संसदेचा आशीर्वाद आहे. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारने १९८० साली एकाच कायद्याने ताब्यात घेतल्या होत्या. मी केलं ते त्याच धोरणाची अंमलबजावणी, फक्त उशिरा आणि अनुदानाशिवाय.

याच फाट्यावरून वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनाला जाता येतं. पाठीच्या दुखण्याने ज्यांना बसणंही जमत नव्हतं, त्या बाबांनी १९८५ साली तरुणांना सायकलींवर बसवून कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेलं आणि १९८८ साली इटानगरहून ओख्याकडे. मोहिमेचं नाव भारत जोडो. त्या सायकली कोणत्या कंपनीच्या होत्या, हे वाटेतल्या गावांनी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना बघायचं होतं ते कोण कुठून आलंय आणि बरोबरीने चालवतंय की नाही एवढंच.

कंपन्यांचं म्हणाल तर हिंद गेली, सेन-रॅले गेली. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. शोरूममध्ये एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या कंपन्या भंगारात मात्र गुण्यागोविंदाने नांदतात, कारण कधीकाळी त्यांच्यातल्या बहुतेकींनी एकच माप मान्य केलं होतं. एकत्र चालायला एका घरचं असावं लागत नाही. आटे जुळले की पुरतं. आणि नसतील जुळत, तर हातोडीने जुळत नाहीत, उलट दोन्हीकडचे खराब होतात. हे मी सायकलीपुरतंच सांगतोय. बाकीचं ज्याचं त्याने बघावं.