सोळा रुपये चव्वेचाळीस पैशांचा सन्मान

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथे सुरू झाली आणि पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाकाठी सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, मिळू लागले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ या नावाने त्यात तेवढीच भर घातली. केंद्राच्या रकमेला ३६५ने भागले असता सन्मानाचा दैनिक दर सोळा रुपये चव्वेचाळीस पैसे निघतो, ज्यात स्टँडवरच्या हॉटेलात शेतकऱ्याचा एक चहा निभावतो आणि सोबत पाहुणा असल्यास त्याचा चहा राज्याच्या हिश्शातून भागवता येतो.

योजनेच्या परिभाषेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान मुले. साहजिकच सामाईक सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीची मालकी आणि तीवरील पीक नोंदवणाऱ्या उताऱ्यावर, नावे असलेले चार विवाहित भाऊ ही चार कुटुंबे ठरतात, आणि बांधावरून भांडूनही भावकीला तीन पिढ्यांत जी वाटणी उरकली नाही, ती शासनाने एका व्याख्येत उरकली. जमीन दहा गुंठे असो वा दहा एकर, रक्कम तीच. मात्र उतारा ज्याच्या नावे तोच शेतकरी, असा दंडक असल्यामुळे शहरात राहणारा आणि गहू कधी पेरतात हे गावाकडे फोन करून विचारणारा खातेदार, प्राप्तिकर भरत नसल्यास, सन्मानास पात्र होऊ शकतो, तर त्याचे रान कसणाऱ्या वाटेकऱ्याकडे प्रत्यक्ष शेती करण्यापलीकडे कोणताही पुरावा नसल्याने तो अपात्र ठरतो.

ही रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे मधल्या कोणाच्याही हाताला न लागता, खात्यात जमा होते. मधला माणूस हटला हे खरे, परंतु त्याची पायपीट लाभार्थ्याच्या वाट्याला आली. ‘ई-केवायसी’ म्हणजे लाभार्थी तोच असल्याची आधारच्या साहाय्याने केलेली खातरजमा. ती ओटीपीने, चेहऱ्याने किंवा बोटाच्या ठशाने होते. जन्मभर खुरपे धरून रेषा झिजलेला अंगठा सेवा केंद्रातील यंत्रावर टेकला की यंत्र नकार देते, चालक “बाबा, बोट पुसून घ्या” म्हणतो, बाबा ते धोतराला पुसतात, मग दुसरे बोट, मग तिसरे, अशी दहाही बोटांची हजेरी होते. ज्या कष्टांबद्दल सन्मान द्यायचा, त्यांच्याच खुणा ओळख पटण्याच्या आड येतात.

ओळख पटल्यावरही सातबाऱ्यावरचा ‘ज्ञानदेव’ आणि आधारवरचा ‘ज्ञानोबा’ हे एकच आहेत, हे संगणकाला पटवावे लागते. त्यातच आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जात असल्याने, जिल्हा बँकेत पासबुक भरून घेण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा हप्ता, त्याने कधीकाळी कोणाच्या तरी आग्रहाखातर उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात मुकाट पडून असतो.

एवढे करून हप्ता आला की तो खताच्या दुकानातली जुनी उधारी फेडण्यात खर्ची पडतो, आणि उधारी फेडताना मात्र कोणी अंगठा मागत नाही. तेव्हा गावी ज्यांचे काका-मामा शेती करतात, अशा वाचकांनी पुढच्या खेपेस हुरडा खाऊन परतण्यापूर्वी त्यांची ई-केवायसी झाली आहे का आणि हप्ता कोणत्या खात्यात जातो, एवढे पाहून यावे.