ताणमुक्तीची लिंक आली आहे

रविवारी सकाळी आमच्या हिच्या फोनवर संदेश पडला : 'अति तात्काळ. सर्व शिक्षकांनी आज रात्री ठीक आठ वाजता ताणमुक्त व्हायचे आहे. लिंक सोबत. गैरहजर राहणाऱ्यांनी लेखी खुलासा द्यावा.'

ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणजे उरलेल्या वेळात शिकवते. आधी यू-डायसची माहिती, मग दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांचं मनोमीलन, मग आज किती पोरं खिचडी जेवली ते ॲपवर. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा शाळा घरात शिरली. पुढे शाळा उघडल्या, पण घरातली काही निघाली नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणेतर काम लावता येत नाही. विश्रांती यातल्या नेमक्या कशात बसते, हे मी हिला विचारलं. "आपत्तीत," ही म्हणाली.

आठ वाजता ही गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसली. रेंज तिथंच येते. पहिली वीस मिनिटं मान्यवरांच्या स्वागतात आणि 'माईक बंद करा' यात गेली. मग तज्ज्ञ म्हणाले, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघा. आमचं घर भिंतीपासून भिंतीपर्यंत चौदा फूट. उरलेले सहा फूट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात बघावे लागतील.

"आता डोळे मिटा. फोन विसरा," तज्ज्ञ म्हणाले. सगळ्यांनी मिटले. नेमकी तेव्हाच चॅटवर हजेरीची लिंक पडली, पाच मिनिटांपुरती. मन लावून ध्यान केलं ते सगळे गैरहजर. हिनं एक डोळा उघडा ठेवला होता. एकवीस वर्षांची नोकरी आहे, उगाच नाही.

प्रमाणपत्र मात्र अजून नाही. त्यासाठी 'कुटुंबासमवेत निवांत क्षण' असा फोटो अपलोड करायचाय, तारीख-वेळ-ठिकाणासह. मी चहा करून सात फोटो काढले. प्रत्येकात ही फोनकडेच बघतेय.

तेव्हा वाचकहो, एखाद्या बाईंचा निवांत बसलेला, दोन एमबीच्या आतला फोटो कुणाकडे असेल तर पाठवा. मुदत आज रात्री बारापर्यंत आहे.