टेलरबाईंची पिशवी

"काकू, कुंपणावर चिंध्या कसल्या वाळत घातल्यात?"

"चिंध्या काय म्हणतेस! कातरण आहे ते. टेलरबाईंनी पिशवी भरून दिलं. नाहीतर घंटागाडीतच जाणार. गोधडीला घेतेय."

"पण कोरं कापड धुवायचं कशाला?"

"कोरं म्हणूनच तर. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. तसंच शिवलंस तर एक तुकडा आटणार, शेजारचा जागचा हलणार नाही, आणि सगळी गोधडी चुण्या चुण्या. शिवाय रंग! तो लाल बघ, अजून पाणी लाल करतोय. त्याला घेतच नाही मी."

"आणि हा जांभळा? चकाकतोय छान."

"ओळख बरं कुणाचा."

"कोपऱ्यावरच्या वहिनींचा? हळदीकुंकवाला घातला होता तो? प्युअर सिल्क म्हणत होत्या."

"म्हणू दे. मी त्याचं एक सूत काढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरगाळलं की राख होते. याचा वितळून कडक मणी झाला. पॉलिस्टर गं, शुद्ध पॉलिस्टर!"

"अगंबाई! दुकानदारानं फसवलं असेल."

"दुकानदारानं, की त्या आपल्याला फसवताहेत, देव जाणे. मी काही बोलणार नाही हो. पण गोधडीत नाही घालणार. निसरडं कापड, घाम टिपत नाही, आणि जाड सुतीशेजारी पातळ काही टिकत नाही. टाक्याशी फाटतं. रंग जुळला नाही तरी चालेल, पोत जुळला पाहिजे."

"एवढेएवढे तुकडे धरायचे तरी कसे? हे मुंढ्याचे वाकडे तुकडे तर..."

"कडा सरळ कापायच्या, उरेल त्याचे त्रिकोण. आमच्या माहेरी, हल्याळकडं, सिद्दी बायका कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात, धावदोरा घालत गोल गोल आत यायचं, तुकडे लावत लावत. आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची फुलं. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानतच नाहीत. मी पण तशीच शिवते. खाली जुनं सुती नऊवारी घड्या घालून अंथरायचं, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. टाका मात्र बारीक हवा. घटस्थापनेच्या आधी धुवायला काढली, चार वेळा आपटली, की लांब टाक्यांची गोधडी तिथंच उसवते."

"मशीनवर नाही का होत?"

"होते. पण ती अंगावर वाकत नाही, ताठ राहते. बरं ते सोड. हा हिरवा बघ. समोरच्या घरातला."

"त्यांच्या सुनेचा?"

"टेलरबाई म्हणाल्या, ब्लाउज सैल शिवायचा, आत शिलाईला भरपूर कापड सोडायचं. आणि हिरवी साडीही घेतलीय म्हणे. आता तूच सांग, हिरवी साडी कधी नेसतात?"

"डोहाळजेवण! आणि सासूबाई काल मला म्हणतात, सुनेला नुसतं पित्त झालंय."

"सातवा लागेपर्यंत पित्तच असतं. मी आपलं माझं धुवट पातळ काढून ठेवलंय, बाळाच्या दुपट्याला. त्याला हे कातरण नको, कोरं टोचतं. दहा वर्षं धुतलेलंच लागतं."

"अय्या, काकू, हा निळा माझा!"

"तुझाच. मागच्या गळ्याचा तुकडा अख्खा निघतो ना कापताना. मोजला मी, चांगली वीत भरली. एवढा खोल?"

"काकू! द्या तो इकडं."

"देते की. पण आधी सांग, सासूबाईंनी बघितला का?"