अ‍ॅडजस्टअण्णा

कलबुर्गी–आळंद बसमध्ये तिघांच्या बाकावर तिघंच बसलेले अण्णांना बघवत नाहीत. ते आधी आपलं गाठोडं तुमच्या मांडीवर ठेवतात आणि मग म्हणतात, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी." चेहरा मराठी दिसला तर "जरा अ‍ॅडजस्ट करा काका", दखनी दिसला तर "थोडा अ‍ॅडजस्ट करो भाई". तोवर अण्णा अर्धे बसलेलेही असतात. असे अण्णा आमच्या कडगंचीत गल्लोगल्ली आहेत, पण आमच्या गल्लीतल्यांचा हात कुणी धरणार नाही.

इंग्रजीत या क्रियापदाला बहुधा कर्म लागतं. चष्मा, खुर्ची, घड्याळ असं काहीतरी अ‍ॅडजस्ट करायचं असतं. अण्णांना कर्म लागत नाही, समोरचा माणूस पुरतो. शिवाय त्यांच्याकडे हे सहसा आज्ञार्थीच चालतं. 'मी अ‍ॅडजस्ट करतो' हे रूप त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोनेही ऐकलेलं नाही, आणि तिला ऐकण्याशिवाय दुसरं काम नाही. ११ जून २०२३ला शक्ती योजना आली, सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट माफ झालं, गर्दी वाढली. अण्णांना सुगीच आली. तिकिटाचा विषय निघाला की मात्र ते खिडकीबाहेर तुरी बघत बसतात.

गाणगापूर करून पुण्या-सोलापूरची मंडळी आमच्याकडे येतात, कारण हे गुरुचरित्रातल्या सायंदेवांचं गाव. तो ग्रंथ लिहिणारे सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले. एका पुणेकर काकूंनी बसायला जागा नाही म्हणून कुरकुर केली. अण्णा म्हणाले, "ताई, घरात कन्नड बोलणाऱ्या माणसानं तुमच्यासाठी मराठीत सात हजारांवर ओव्या लिहिल्या. केवढं अ‍ॅडजस्ट केलं त्यांनी! आणि तुम्हाला इंजिनाच्या झाकणावर बसवत नाही?" काकू बसल्या. सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती असं अभ्यासकही मानतात. पण तो मुद्दा बसच्या जागेसाठी वापरावा हे सुचायला अण्णाच हवेत.

२००९ साली कर्नाटकाला केंद्रीय विद्यापीठ मिळालं, ते पुढे आमच्या शिवारात आलं, आणि अण्णांनी घरामागे दोन खोल्या चढवल्या. केरळ-ओडिशाकडची पोरं कन्नड शिकण्याआधी हा एक शब्द शिकली. पाणी नाही? अ‍ॅडजस्ट. पंखा फिरत नाही? अ‍ॅडजस्ट. दोघांच्या खोलीत चौथा आला? तो तर अ‍ॅडजस्ट होऊनच आला. एका पोरानं मग भाडं दोनशेनं कमी दिलं आणि तोच शब्द अण्णांना ऐकवला. अण्णांनी त्याला घरमालक आणि वडीलधारी माणसं यांतलं नातं तासभर समजावलं. दोनशे वसूल झाले.

परवा ते तूर घेऊन कलबुर्गीच्या बाजारात गेले, मीही गाडीत होतो (अर्थात पोत्यांवर). इथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते अण्णा पोत्यागणिक सांगत होते. अडत्यानं मूठभर तूर उचलली, दाताखाली धरली आणि म्हणाला, "ओल आहे, अण्णा. दरात स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी."

अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणतोय रे हा? आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून सांग त्याला."