एपीची मात्रा

एपीचं नाव कुठे गेलं, एवढंच मला विचारायचं आहे. बाकी व्हानुआतू या बेटांच्या देशाच्या कारभाराशी माझं काही भांडण नाही.

ऐंशीच्या वर बेटं, तीन लाख माणसं, शंभरावर भाषा आणि प्रांत सहा. या सहा प्रांतांचं बारसं १९९४ साली झालं. पद्धत अशी की बेटांना रांगेत उभं करायचं, प्रत्येकाच्या नावाचं एक-दोन अक्षरांचं पान खुडायचं आणि सगळ्यांची मिळून एक जुडी बांधायची. सान्तो आणि मालोची जुडी सानमा. टोरेस आणि बँक्सची टोरबा. पेंटेकोस्ट, अंबाए, माएवो यांची पेनामा. मालाकुला, अंब्रिम, पामा यांची मालांपा. शेफर्ड आणि एफाते मिळून शेफा. टाफेआत तर पाच बेटं आहेत, तिच्याकडे पुढे येतो. आपल्याकडे धाकट्या मुलीचं पहिलं आणि थोरल्या मुलाचं शेवटचं अक्षर जोडून बंगल्याला नाव देतात आणि पुढे दोन पिढ्या पोस्टमनला त्याचा अर्थ समजावून सांगतात, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे बंगल्यात विमानतळ आहेत.

मराठी कानाला ही नावं जरा लागतात. सानमा वाचताना ‘सन्मान’चा न छापखान्यात गळाला असं वाटतं. टोरबा ऐकून तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं होतं. पण ते सोडा. शाळेतल्या बाईंनी काना-मात्रा-वेलांटीसाठी हातावर ज्या पट्ट्या मारल्या त्यांचं चीज व्हावं, अशी खरी मजा ही नावं देवनागरीत लिहायला घेतली की येते.

टाफेआ घ्या. टान्नाचा ट. अनिवाचा अ, पण तो ट ला चिकटला म्हणून त्याचा झाला काना. फुटुनाचा फ. एरोमांगोचा ए, त्याची फ वर मात्रा. आणि शेवटी अनेइत्युमचा आ, सुटा, स्वतंत्र, कुणाच्याही आधाराशिवाय पाय पसरून बसलेला. आता हिशेब बघा. एरोमांगो हे ८८८ चौरस किलोमीटरचं दणदणीत बेट, फुटुना अवघं ११ चौरस किलोमीटरचं. म्हणजे ऐंशी फुटुना मावतील एवढं बेट फुटुनाच्या डोक्यावर मात्रा होऊन तिरकं उभं आहे, आणि खालचा फ बिचारा ते पेलतो आहे. मालांपातलं अंब्रिम तर बघण्यासारखं. त्या बेटावर दोन जिते ज्वालामुखी आहेत. तेव्हा त्याला दोन चिन्हं मिळाली, एक काना आणि एक अनुस्वार. अनुस्वाराचं टिंब वर असतं, जिथून धूर निघतो तिथेच. पेनामातलं अंबाए न च्या मागे काना होऊन उभं. प्रांताचं ठाणं सारातामाता याच बेटावर, म्हणजे अख्ख्या प्रांताचा कारभार एका कान्यातून चालायचा. २०१७ साली तिथला ज्वालामुखी उठला, बेटावरची अकरा हजारांच्या आसपास माणसं होड्या-जहाजांनी शेजारच्या बेटांवर हलवावी लागली. बेट रिकामं झालं. काना जागचा हलला नाही.

तर एवढ्या बारकाईनं सगळ्यांना काही ना काही मिळालं. कुणाला अक्षर, कुणाला काना, कुणाला टिंब. अनिवा आठ चौरस किलोमीटरचं, आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाचं शिवार तेवढं असतं, पण त्यालाही काना मिळाला. आता शेफा प्रांताचा नकाशा काढा. एफाते आहे, त्यावर राजधानी पोर्ट व्हिला आहे. शेफर्डची लहान लहान बेटं आहेत. आणि त्यांच्या वायव्येला ४४५ चौरस किलोमीटरचं, हजारोंची वस्ती असलेलं, लामेन बेच्या उथळ पाण्यात समुद्रगायी चरतात ते एपी आहे.

शेफा. श, ए, फ, आ. एपी नाही.

आत तो ए आहे की, असं कुणी म्हणेल. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं. पण तो ए एफातेचा आहे! शेफर्डनं नुसता श दिला. एफातेनं डोक्यासकट ‘एफा’ दिलं आणि शेपूट घरी ठेवलं. म्हणजे प्रांतात मोठी ए-कारी बेटं दोन, नावात ए एकच, आणि तो एपीचा नाही. शिवाय शेफर्ड हे नाव तरी तिथलं कुठे? १७७४ साली इंग्रजी जहाजातून उतरलेलं ते. इंग्रजीत त्याचा अर्थ मेंढपाळ. पाहुण्याला अक्षर मिळालं आणि घरचा माणूस ओळीतून बाहेर.

विसरून राहिलं असेल म्हणावं, तर तीही सोय नाही. १९९४ च्या आधी नऊ वर्षं देशाचे अकरा विभाग होते, आणि त्यातला एक विभाग निव्वळ एपी होता. पूर्ण नाव, पाटीवर, जोडीला कुणी नाही. अकराचे सहा करताना बाकीचे दहाही विभाग कुठे ना कुठे अक्षराच्या, कान्याच्या, टिंबाच्या रूपानं शिल्लक राहिले. अकरावा गेला. या देशावर १९०६ ते १९८० इंग्रज आणि फ्रेंच या दोघांनी एकत्र राज्य केलं, तेव्हा पोलीस दोन, तुरुंग दोन, कायदे दोन असा थाट होता. साहेबांनी एकाचं दोन केलं. स्वराज्यातल्या फायलीनं तिघांचं दोन केलं. आणि तिथली आख्यायिका अशी की एपी आणि शेफर्डमधलं टोंगोआ ही दोन्ही कुवाए नावाच्या एकाच भूमीची लेकरं. पंधराव्या शतकात ज्वालामुखी फुटला, मधला भाग समुद्रात गेला आणि भावंडं वेगळी झाली. ज्वालामुखीनं तोडलं तेव्हा दोघांनाही नावं उरली होती. फायलीनं परत जोडलं, आणि जोडताना एकाचं गिळलं.

एपीचा कैवार मी उगाच घेत नाही. आमची वाडी तीन गावांच्या गट ग्रामपंचायतीत आहे. पाटीवर दोन गावांची नावं आहेत, मध्ये आडवी रेघ. तिसरे आम्ही. मी एकदा विचारायला गेलो, तर उत्तर आलं, “भाऊ, नाव लांब होतं, बोर्डावर बसत नाही.” बसत नाही! त्याच बोर्डाच्या शेजारी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. त्यावर बत्तीस चेहरे बसले होते, प्रत्येकाच्या खाली नाव, नावाच्या आधी पदवी, गॉगलसकट. आमची तीन अक्षरं बसत नाहीत. आणि हे नुसतं पाटीचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पाटीवर नाही ते कागदावर येत नाही, कागदावर नाही ते यादीत येत नाही. उन्हाळ्यात टँकरच्या यादीत पहिल्या गावाचं नाव असतं, दुसऱ्या गावाचं नाव असतं, आणि मग असतं ‘व इतर वाड्या’. हा ‘व इतर’ ज्यानं शोधून काढला त्याला एक उन्हाळा आमच्याकडे राहायला पाठवा. कळशी आम्ही देऊ. ‘व इतर’ला टँकर कधी येतो, तर आधीच्या दोघांचे हौद भरून उरलं तर. माझ्या आईनं आयुष्यभर ‘व इतर’चं पाणी भरलं. हे वाक्य कुठल्याही अर्जाच्या नमुन्यात बसणार नाही, कारण नमुन्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा असे चारच रकाने असतात आणि वाडीला पाचवा कुणी आखलेला नाही. रकाना आखायला काय लागतं? एक पट्टी आणि एक पेन्सिल!

असो. मुद्दा एपीचा होता.

सगळ्यात जास्त खटकतं ते हे की व्हानुआतूला हे कळत नाही असं मुळीच नाही. त्यांची बिस्लामा भाषा या बाबतीत आपल्याहून तरबेज आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक इंग्रजी साहेबाला कधी समजला नाही. मराठी माणसाला आणि बिस्लामा बोलणाऱ्याला तो जन्मतः समजतो. समोरच्याला धरून म्हणायचं तर युमी, त्याला वगळून म्हणायचं तर मिफाला. त्यांच्या राष्ट्रगीताच्या नावातच युमी तीनदा आहे. आणि ते एवढ्यावर थांबत नाहीत, मोजतातसुद्धा: आपण दोघं म्हणजे युमितू, आपण तिघं म्हणजे युमित्री. बाजारात सुरण घेणाऱ्या बाईलाही कोण आत आणि कोण बाहेर हे क्रियापदाआधी ठरवावं लागतं. अशा भाषेत एफाते, शेफर्ड आणि एपी यांच्यासाठी युमित्री हा शब्द तयार पडलेला असताना पाटीवर आलं ते मितुफाला. आम्ही दोघं. तू वगळून.

पर्यायी नावं मी करून पाहिली. एशेफा बरं वाटतं, पण शिंक आल्यासारखं. शेफाए हाक मारल्यासारखं. शेपिफा म्हणजे पालेभाजी. शेवटी देवनागरीनंच वाट दाखवली. शेफर्डला श आहेच, एफातेला नुसतं ‘फा’ पुरे. राजधानी त्याच्याकडे आहे, अक्षर हलकं असलं तरी चालेल. श च्या डोक्यावरची त्याची मात्रा या सदराद्वारे मी एपीच्या नावे करत आहे. शेफा यापुढे लिहिताना-वाचताना कुणालाही काही बदलावं लागणार नाही, फक्त मात्रा देताना एपीचं स्मरण करावं. याबाबत कुणाच्या हरकती अथवा सूचना असल्यास त्या पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात. पत्ता वाडीचाच देतो आहे. पोस्टमन तिथवर येत नाही.